टीसीएलची गोणी कुठे ठेवावी?

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीत टीसीएलच्या, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरच्या, गोण्या येतात आणि अनेकदा पंपघरातच डिझेलचा कॅन, ग्रीसचा डबा, तुरटीचं पोतं यांच्या शेजारी लागतात. यातली एकही वस्तू तिच्याजवळ नको.

ही पावडर स्वतः पेटत नाही. पण तिच्यातलं हायपोक्लोराइट समोरच्या पदार्थाचं ऑक्सिडीकरण करतं आणि त्यात उष्णता निघते. डिझेल, ग्रीस, साखर, भुसा, तेलकट चिंध्या तिच्यात मिसळल्या, तर काडी न लावताही आग लागू शकते. तुरटीचा धोका वेगळा. ओली तुरटी आम्लधर्मी असते, तिचं पाणी पावडरीला लागलं की क्लोरीन वायू सुटतो. फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडनेही हेच होतं, पण फार वेगाने. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड, त्यामुळे तो जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतो. वास आला तर खाली न बसता मोकळ्या, उंच जागी जावं. युरियाची पोतीही दूरच हवीत: त्यांच्याशी संयोग झाला तर स्फोटक नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं.

खोली वेगळी, कोरडी, हवेशीर आणि उन्हापासून आडोशाची असावी. गोण्या प्लॅस्टिकच्या पॅलेटवर ठेवाव्यात. मापही कोरडं आणि प्लॅस्टिकचंच घ्यावं. लोखंड गंजतं, आणि पावडरीचं विघटनही वाढवतं. सांडलेली पावडर परत गोणीत कधीच टाकू नये, तिच्यासोबत कचरा आत जातो.

ठेवणीतली हयगय पिण्याच्या पाण्यालाही भोवते. चांगल्या ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन, म्हणजे जंतू मारण्याच्या कामी येणारं क्लोरीन, सुमारे 33 टक्के असतं. ऊन, दमट हवा आणि उघडं तोंड यांमुळे ते उतरत जातं, पण पावडर पांढरीच दिसते. दर 1000 लिटरला साधारण 2.5 ग्रॅम हे प्रमाण चांगल्या पावडरीचं आहे. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 5 मीटर पाणी असेल, तर ते सुमारे 62,800 लिटर भरतं आणि त्याला 157 ग्रॅम पावडर लागते. क्लोरीन निम्म्यावर आलेलं असेल, तर तेवढीच पावडर निम्मंच काम करते. म्हणून गोणीवर आल्याची तारीख लिहावी आणि आधी आलेली गोणी आधी संपवावी.

द्रावण करताना प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावं, मग पावडर टाकावी, आणि एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. म्हणजे वरच्या विहिरीला दोन बादल्या. हातमोजे आणि चष्मा घालावा, वाऱ्याकडे पाठ करावी. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडावं. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं.

आग लागलीच, तर दुरून भरपूर पाणी मारावं. वाळू टाकून फारसं साधत नाही, कारण ऑक्सिजन पावडरीतूनच मिळतो. एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं तर वापरूच नये: त्यातलं अमोनियम फॉस्फेट हायपोक्लोराइटशी क्रिया करतं.