मिठाची पिशवी किती दिवस पुरते?

मिठाची नवी पिशवी फोडली, की तिच्यावर पेनाने तारीख घाला. पिशवी एक किलोची, घरात मोठी माणसं चार. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौघांचे २० ग्रॅम धरले तर पिशवी ५० दिवस पुरायला हवी. आमची २७ दिवसांत संपली. म्हणजे माणशी नऊ ग्रॅमच्या वर! थोडं मीठ भाज्या उकडलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातं हे खरं, पण बाहेरून आणलेली शेव, खारी, पाव हे तर या हिशोबात धरलेलेच नाहीत.

अमेरिकेत पोटात जाणाऱ्या मिठापैकी सुमारे ७० टक्के तयार पदार्थांतून आणि हॉटेलच्या जेवणातून येतं. आपल्याकडे बरंचसं मीठ अजून ओट्यावरच्या बरणीतलंच असतं. म्हणजे ते कमी करणं आपल्याच हातात आहे, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

मिठातला सोडियम वाढला की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि धमन्यांवर दाब येतो. विशीत धमन्या लवचिक असतात, त्या सैलावून हा भार बराचसा झेलतात. वय वाढतं तशा त्या ताठर होत जातात, जादा सोडियम बाहेर टाकायचा मूत्रपिंडांचा आवाकाही कमी होतो. मग प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि वर्षानुवर्षं असं चाललं की डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. दुखत मात्र काहीच नाही. म्हणून चाळिशीनंतर रक्तदाब मोजून घ्यायलाच हवा.

सोडियम बाहेर टाकायला पोटॅशियम मदत करतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या आणि रक्तदाब असलेल्या सुमारे २१,००० लोकांचा अभ्यास झाला. निम्म्या गावांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: त्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. बाकीच्यांसाठी पालक, केळं, रताळं, मटकी, शहाळं आहेच. सैंधवाने मात्र काही साधत नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, त्यातही सोडियमच.

आम्ही आधी कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद केलं, मग पानात वाढायचं. आमटीत आमसूल एखादं जास्त, कोशिंबिरीवर लिंबू. पहिल्या आठवड्यात सासूबाई रोज म्हणायच्या, "अळणी झालंय गं." मी तेव्हा वाद घातला नाही, कारण जिभेला नवी चव अंगवळणी पडायला काही आठवडे लागतातच. पुढची पिशवी ३८ दिवस गेली. त्याच सुमारास एका लग्नात जेवताना त्यांनी वाटी बाजूला सरकवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आमटी किती खारट केलीय यांनी!"