पार्श्वभूमी : पुनर्लेखनाचा इतिहास

लिहिलेला मजकूर पुन्हा तपासून बदलावा, हा सल्ला जुनाच आहे. मात्र बदल किती करायचे, हे बराच काळ लेखकाच्या इच्छेइतकेच लेखनसाहित्यावरही अवलंबून होते. रोमन काळात कच्चे लेखन मेण थापलेल्या लाकडी पाट्यांवर होई आणि लेखणीच्या चपट्या टोकाने ते पुसता येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने अशा पाट्यांची शिफारस केली ती खोडणे सोपे जाते म्हणूनच. भर घालणे, वगळणे आणि बदलणे ही दुरुस्तीची अंगे त्याने सांगितली. लेखन काही काळ बाजूला ठेवून, ते दुसऱ्याचे असावे अशा नजरेने वाचावे, असेही सुचवले. दुरुस्तीला कुठेतरी अंत हवा, हेही त्यानेच बजावले आहे, आणि हा इशारा पहिल्या सल्ल्याइतकाच मोलाचा आहे.

मुद्रणकलेने खाडाखोडीला नवी जागा दिली. बाल्झाकसारखा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरीकार छापखान्यातून तपासणीसाठी आलेल्या मुद्रितांवरच एवढी भर घालत असे, की जुळवलेले छपाईचे खिळे पुन्हा जुळवावे लागत. याच सुमारास खरी कविता स्फूर्तीतून एका दमात उतरते, ही समजूत बळावली होती. कवितेला भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक म्हणणाऱ्या इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थने स्वतः मात्र 1805 मध्ये पूर्ण केलेल्या आत्मचरित्रात्मक काव्यावर पुढे अनेक वर्षे हात फिरवला आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, 1850 मध्ये प्रसिद्ध झाले.

शिक्षणक्षेत्राने या कामाकडे गांभीर्याने पाहिले ते फार उशिरा. अमेरिकेतील लेखनशिक्षणाच्या अभ्यासक जॅनेट एमिग यांनी 1971 मध्ये विद्यार्थी प्रत्यक्षात कसे लिहितात याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तिथलेच लेखनशिक्षक डोनाल्ड मरी यांनी लेखन ही तयार वस्तू म्हणून न शिकवता प्रक्रिया म्हणून शिकवावी, अशी मांडणी केली. या सर्वांत नेमके निरीक्षण, माझ्या मते, याच क्षेत्रातील अमेरिकी अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांचे आहे. वीस विद्यार्थी आणि वीस अनुभवी लेखक यांची तुलना करून त्यांनी 1980 मध्ये दाखवले, की विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते, तर अनुभवी लेखक आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत होते.

त्यानंतर संगणकाने खोडणे जवळजवळ विनासायास केले. हाताने किंवा टंकयंत्रावर नवी प्रत काढताना प्रत्येक वाक्य पुन्हा नजरेखालून जात असे. पडद्यावर मात्र एकच शब्द बदलून उर्वरित मजकूर न वाचताही पुढे जाता येते.