शॉवरच्या भिंतीतलं हीटिंग
शॉवरच्या टाइल्सच्या मागे गरम होणारी केबल किंवा कोमट पाण्याचे बारीक पाइप बसवून भिंतच उबदार ठेवायची, या पद्धतीला शॉवर वॉल हीटिंग म्हणतात. यात हवा तापवायची नसते, भिंत तापते आणि तिची उष्णता किरणांच्या रूपात थेट अंगापर्यंत येते, म्हणून हा रेडिएंट हीटिंगचा प्रकार.

आपली त्वचा साधारण 33-34 अंश सेल्सिअसला असते आणि टाइल्स 16-17 अंशांवर असल्या तर ओलं अंग त्या भिंतीकडे उष्णता सोडत राहतं, खोलीतली हवा बरी असली तरी हुडहुडी भरते. भिंत तिशीच्या पुढे नेली की हे जवळजवळ थांबतं. पण एक गोष्ट बरेच जण लक्षात घेत नाहीत, गरम पाणी चालू असताना भिंत पाण्यानेच तापलेली असते, त्यामुळे हीटिंगचा खरा उपयोग आंघोळीच्या आधी आणि नळ बंद केल्यावर अंग पुसून होईपर्यंत. म्हणून चारी बाजू तापवण्यात फारसा अर्थ नाही. जिथे पाण्याचा मारा थेट बसत नाही ती भिंत, बसायचा बाक आणि पायाखालची फरशी एवढं केलं तरी पुष्कळ होतं.

दुसरा फायदा कोरडेपणाचा. हवा 24 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन बसायला लागते ते तापमान, साधारण 18 अंशांवर येतो, टाइल त्याच्या वर राहिली की तिच्यावर पाणी धरत नाही आणि आंघोळीनंतर टाइल्सच्या फटींत भरलेलं ग्राउट लवकर वाळतं, बुरशीला ओल मिळत नाही. एक्झॉस्ट फॅन मात्र लागतोच, कारण भिंतीवरचं पाणी शेवटी हवेतच जातं.

कल्पना जुनी आहे. रोमन स्नानगृहांत जमिनीखाली भट्टीची गरम हवा खेळवायचे आणि भिंतीत पोकळ चौकोनी विटा एकावर एक रचून तीच हवा वर न्यायचे. पहिल्या शतकात रोमन लेखक सेनेकाने एका पत्रात भिंतीत बसवलेल्या अशा नळ्यांचा आपल्या काळातला नवा शोध म्हणून उल्लेख केलाय.

आज सगळ्यात जास्त वापर इलेक्ट्रिक मॅटचा. जाळीवर 3-4 मिलिमीटर जाडीची केबल नागमोडी चिकटवलेली असते आणि ताकद बहुतेक वेळा चौरस मीटरला 150 वॅटच्या आसपास, म्हणजे 3 चौरस मीटरला 450 वॅट, तासाला अर्ध्या युनिटपेक्षा कमी. 35 अंशांची भिंत 24 अंशांच्या खोलीत चौरस मीटरला साधारण 90 वॅट सोडते, उरलेलं मागे जायला बघतं. म्हणून मॅटच्या मागे फोमचा गाभा असलेला टाइल बोर्ड हवा, बाहेरची भिंत असेल तर हवाच हवा, नाहीतर आपण आधी विटा तापवत बसतो आणि टाइल गार ती गारच. पाण्याच्या पद्धतीत 8-10 मिलिमीटरचे पाइप प्लास्टरमध्ये पुरतात आणि 35-45 अंशांचं पाणी फिरवतात. ओल्या जागेत वीज येत नाही हा तिचा मोठा गुण, पण पंप, पाणी वेगवेगळ्या पाइपांत वाटणारा मॅनिफोल्ड वगैरे पसारा एका शॉवरसाठी परवडत नाही, घरात आधीच तशी सिस्टिम असेल तरच विचार करावा.

काम बिघडतं ते थरांच्या क्रमात. आधी बोर्ड, त्यावर केबल, केबल पूर्ण झाकेल असा टाइल अ‍ॅडेसिव्हचा पातळ लेप, तो वाळल्यावर वॉटरप्रूफिंग आणि मग टाइल. केबल वॉटरप्रूफिंगच्या मागे राहिली पाहिजे म्हणजे ग्राउटमधून झिरपणारं पाणी तिच्यापर्यंत जात नाही, आणि वॉटरप्रूफिंगचा पडदा एक-दीड मिलिमीटरचाच असल्याने उष्णता अडत नाही. फरशीवर सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं पातळ मिश्रण, ओतून केबल झाकता येते, उभ्या भिंतीवर ते जमत नाही, सगळं थापीनेच करावं लागतं आणि लोखंडी दातेरी थापीचा एक दात केबलला लागला तर वरचं आवरण कापलं जातं पण डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून लेप सपाट प्लास्टिकच्या थापीने, केबलच्या दिशेने हात चालवत घ्यायचा. अ‍ॅडेसिव्ह लवचिक प्रकारचं घ्यावं. 2.4 मीटर उंच टाइल्सची भिंत 20 अंशांनी तापली तर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढू बघते, म्हणून कोपऱ्यात ग्राउट न भरता सिलिकॉन भरतात.

केबल कापायची नाही, एकमेकींवरून न्यायची नाही, मॅट वळवायची असेल तर फक्त जाळी कापायची. गरम केबल आणि साधी वायर यांचा कंपनीतून आलेला जोड लोक सवयीने भिंतीच्या पोकळीत ढकलतात, तसं करू नये, तोही अ‍ॅडेसिव्हमध्येच पूर्ण बुडलेला हवा. तापमान मोजणारा सेन्सर केबलच्या दोन फेऱ्यांच्या बरोबर मधे, तोही नळीतून, म्हणजे बिघडला तर ओढून बदलता येतो.

सुरक्षेचं सांगायचं तर धातूच्या जाळीचं आवरण आणि अर्थिंग असलेलीच केबल, आणि सर्किटवर गळती पकडणारा ब्रेकर, युरोपात तो 30 मिलिअँपिअरचा असतो, अमेरिकेत साधारण 5 मिलिअँपिअरवर ट्रिप होणारा. थर्मोस्टॅट शॉवरमधून हात पोचणार नाही अशा ठिकाणी. आणि सगळ्यात आधी कंपनीचं पत्रक नीट वाचायचं, कारण पुष्कळ मॅट्सना शॉवरची फरशी आणि बाक चालतो पण भिंत चालत नाही, काहींना स्टीम शॉवर चालत नाही. तिथे लिहिलेलं नसेल तर ती मॅट भिंतीत घालूच नये, मिस्त्री कितीही म्हणू दे की काही होत नाही.

मल्टिमीटरने केबलचा रोध ओहममध्ये मोजणं तीनदा तरी होतं, बॉक्समधून काढल्यावर, भिंतीवर लावल्यावर आणि टाइल बसल्यावर, आकडा दरवेळी पत्रकात दिलेल्या मर्यादेत आला पाहिजे, सोबत मेगर नावाच्या उपकरणाने केबलचं इन्सुलेशनही तपासतात. केबल झाकायच्या आधी मोजायची टेप भिंतीला धरून फोटो काढून ठेवायचे. हे फार महत्त्वाचं, कारण काचेच्या दाराची बिजागरी, आधाराचा दांडा, साबणाचं शेल्फ हे सगळं नंतर येतं, लावणारा माणूस वेगळा असतो आणि त्याच्या ड्रिलला आत काय आहे ते माहीत नसतं. दांडे आणि दार कुठे येणार ते आधीच ठरवून तिथे केबल न्यायचीच नाही हे जास्त चांगलं. नळाच्या व्हॉल्व्हभोवतीही जागा मोकळी सोडतात, कधीतरी दुरुस्तीला तिथे फोडावं लागतंच.

टाइल लावल्या लावल्या चालू करून बघायचा मोह होतो, पण अ‍ॅडेसिव्ह आणि ग्राउट पिकायच्या आत ताप दिला तर पकड कच्ची राहते, म्हणून कंपनीप्रमाणे 7 ते 28 दिवस थांबतात. केबल नंतर तुटलीच तर तुटलेली जागा थर्मल कॅमेऱ्याने आणि खास उपकरणांनी शोधता येते, त्यावरच्या दोन-चार टाइल्स काढून जोड किटने सांधता येतो, पण त्यासाठी वॉटरप्रूफिंगचा पडदा कापावा लागतो आणि तो पुन्हा नीट सांधणं केबल जोडण्यापेक्षा अवघड जातं. म्हणून भिंतीत बिघाड झाला की बरेच जण ते सर्किट कायमचं बंद करतात आणि फरशीचं वेगळं सर्किट असेल तर तेवढंच चालू ठेवतात, त्यासाठीच भिंत आणि फरशी सुरुवातीपासून वेगवेगळ्या मॅटवर ठेवायची.