सार्वजनिक मनाई हुकूम आणि लवाद

'सर्व तंटे लवादाकडेच (न्यायालयाऐवजी निवाडा देणाऱ्या त्रयस्थाकडे) न्यावेत' अशा करारावर सही केलेल्या ग्राहकाला फसवी व्यापारपद्धत सगळ्यांसाठी बंद करवून घेता येते का, या प्रश्नावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडलेले न्यायतत्त्व. २०१७ च्या मॅकगिल विरुद्ध सिटीबँक या निकालावरून त्याला 'मॅकगिल नियम' म्हणतात.

राज्याचा अनुचित स्पर्धा कायदा (व्यवसाय व व्यवहार संहिता, कलम १७२००) नावावरून व्यापाऱ्यांच्या आपसांतील चढाओढीचा वाटतो. प्रत्यक्षात बेकायदा, अन्याय्य किंवा फसवी अशी कोणतीही व्यापारी वागणूक त्यात मोडते. खासगी वादीला त्याखाली नुकसानभरपाई मागता येत नाही. गेलेले पैसे परत मिळू शकतात आणि मनाई हुकूम मागता येतो. २००४ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या 'प्रस्ताव ६४' नंतर, ज्याचे स्वतःचे पैसे किंवा मालमत्ता गेली तोच खासगी वादी दावा लावू शकतो.

मनाई हुकूम नक्की कोणासाठी, यावर सारे अवलंबून आहे. परत मिळालेली रक्कम एकाच्या खिशात जाते. फसवी जाहिरात थांबवणारा हुकूम मात्र मुख्यतः अजून न फसलेल्यांच्या कामी येतो; हाच 'सार्वजनिक मनाई हुकूम'. वादी तर आधीच पोळलेला असतो. म्हणूनच ब्रॉटन (१९९९) आणि क्रूझ (२००३) या खटल्यांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा हुकूम लवादाच्या कक्षेबाहेर ठेवला. पुढे २०११ च्या कन्सेप्शन निकालात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ च्या संघीय लवाद कायद्याला राज्यांच्या नियमांवर मोठे वर्चस्व दिले आणि ही भिंत डळमळली. नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय विभागाच्या) अपील न्यायालयाने २०१३ मध्ये ब्रॉटन-क्रूझ नियम लवाद कायद्यापुढे टिकत नाही असे ठरवले.

मॅकगिलमधील वाद क्रेडिट कार्डासोबत विकलेल्या एका संरक्षण योजनेचा होता. नोकरी गेली किंवा इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर थकबाकीत सवलत, आणि त्यासाठी दरमहा बाकीच्या प्रमाणात शुल्क. लवादाचे कलम खाते उघडल्यानंतर, अटी बदलल्याच्या सूचनेतून आले होते. त्या कलमाचा अर्थ दोन्ही पक्षांनी एकच लावला: सार्वजनिक मनाई हुकूम न्यायालयातही मागायचा नाही आणि लवादापुढेही नाही. इथेच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले. सार्वजनिक कारणासाठी केलेला कायदा खासगी कराराने मोडता येत नाही, असे राज्याच्या दिवाणी संहितेचे कलम ३५१३ सांगते. म्हणून हा हक्कत्याग एकमताने अंमलबजावणीस अयोग्य ठरला. करार रद्द ठरवणारी सर्वसाधारण कारणे लवाद कायदा स्वतःच मान्य करतो, आणि हे त्यांपैकीच एक, हा निकालाचा सर्वांत भक्कम भाग आहे. दावा लवादात चालवता येतो की नाही, हा जुना ब्रॉटन-क्रूझ प्रश्न न्यायालयाने मुद्दाम सोडवला नाही.

ब्लेअर (२०१९) खटल्यात नवव्या सर्किटने हा नियम संघीय कायद्यापुढे टिकतो असे मान्य केले. हॉजेस (२०२१) मध्ये त्याच न्यायालयाने बहुमताने तो आवळला: हुकुमाचा लाभ कंपनीच्या ग्राहकांपुरता असून भागणार नाही, तो एकूण जनतेला मिळायला हवा. ही चौकट फार अरुंद आहे. आज ग्राहक नसलेला माणूस उद्या तीच जाहिरात वाचून ग्राहक होतो. राज्यातील अपील न्यायालयानेही नंतरच्या एका प्रकरणात हॉजेसचा मार्ग स्वीकारला नाही.