डिकीतला तापणारा डबा

परभणीतली मे महिन्यातली दुपार. मानवतहून गाणी ऐकत आलो आणि मामेभावाने गाडीची डिकी उघडली. आतल्या अँप्लिफायरवर, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या अँपवर, हात ठेवला, तो लगेच मागे घ्यावा लागला. "कामून तापतंय एवढं?" त्याने विचारलं. डबा वीसेक वर्षांपूर्वीचा, जाड अॅल्युमिनियमच्या पात्यांचा, चांगला वजनदार. त्याच्यावर मामेभावाचा भारी जीव. हल्लीचे हलके डबे वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, काय ओढणार, असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी ओळखीच्या दुकानात जुना आणि नवा असे दोन्ही अँप उघडून शेजारी ठेवले. एक गोष्ट दोन्हींत सारखी होती: तांब्याची तार गुंडाळलेली जाड कडी. तिच्याशिवाय कुणाचंच भागत नाही. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात जेमतेम 14 व्होल्ट. तेवढ्यावर 4 ओहमच्या स्पीकरला न फाटलेला आवाज द्यायचा तर हिशेब 25 वॉटच्या आसपास संपतो. म्हणून आधी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि ते काम या कडीभोवतीचं सर्किट करतं. फरक सुरू होतो तो त्याच्या पुढे.

शेतातल्या मोटारीवरून सांगतो. मोटार पूर्ण जोरात चालू आहे आणि पाणी कमी हवं म्हणून तुम्ही व्हॉल्व्ह अर्धा दाबून धरला, तर उरलेला जोर व्हॉल्व्हमध्येच वाया जातो. जुन्या, म्हणजे क्लास एबी अँपमधले ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे व्हॉल्व्हच, नेमके असेच अर्धवट उघडे राहून काम करतात. वाया गेलेल्या जोराची उष्णता होते, आणि ती बाहेर टाकायला ती जाड पाती लागतात. गंमत म्हणजे हा अँप सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण आवाजाला नाही. कमाल ताकदीच्या साधारण 40 टक्क्यांवर चालताना त्याचा ताप सर्वाधिक असतो.

नवा क्लास डी अँप व्हॉल्व्ह अर्धवट ठेवतच नाही. एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद, आणि तेही सेकंदाला लाखाच्या घरात वेळा. किती वेळ उघडा ठेवायचा एवढंच तो बदलत राहतो. मग हे धक्क्याधक्क्याने आलेलं पाणी हौदात सोडावं आणि हौदातून संथ धार निघावी, तसं शेवटी एक कॉइल आणि कंडेन्सर मिळून त्या धक्क्यांची सलग लाट करतात. उघड्या व्हॉल्व्हला अडथळा नाही, बंद व्हॉल्व्हमधून प्रवाह नाही, त्यामुळे ताप फार थोडा. 'डी' म्हणजे डिजिटल असं बरेच जण समजतात. ए, बी, सीच्या पुढचं अक्षर, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 1964 सालीच या तत्त्वावरचा छोटा अँप विकायला काढला होता, पण त्या वेळचे ट्रान्झिस्टर इतकी वेगवान उघडझाप करायला कमी पडत. चांगले मॉसफेट, म्हणजे वेगाने उघडझाप करणारे ट्रान्झिस्टर, आल्यावर हे गणित जमलं.

आता आकडे मांडू. वूफरला 300 वॉट द्यायचे आहेत. जुना अँप 55 टक्के कार्यक्षम धरला तर बॅटरीकडून तो सुमारे 545 वॉट ओढतो, म्हणजे 14 व्होल्टला साधारण 39 अँपिअर, आणि 245 वॉट नुसती उष्णता होते. नवा 85 टक्के धरला तर 353 वॉट, साधारण 25 अँपिअर, आणि उष्णता 53 वॉट. बेस वाजला की हेडलाइट मंद होतात, त्याचं उत्तर या 14 अँपिअरच्या फरकात बऱ्याच अंशी आहे. उन्हात उभ्या गाडीची डिकी आधीच भट्टी झालेली असते, त्यात आणखी 245 वॉटची शेगडी ठेवायची का, हा आपल्याकडे खराच विचार करण्यासारखा प्रश्न आहे. कंडेन्सरचं आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं होतं. मामेभावाच्या अँपमधले दोन कंडेन्सर वरून फुगलेले निघाले.

आवाजाच्या दर्जाचं काय? आवाजाच्या पूर्ण पट्ट्यासाठी, म्हणजे सर्वांत बारीक सुरापर्यंत, 20 हजार हर्ट्झपर्यंत, पूर्वीचे क्लास डी अँप कमी पडत, हे खरं. पण वूफरला हवा असतो 80-100 हर्ट्झच्या खालचा बेस. उघडझाप त्याच्या हजारपट वेगाने चालते, त्यामुळे बेसमधून ती गाळून काढणं सोपं जातं. म्हणूनच गाड्यांमध्ये क्लास डी आधी वूफरसाठीच आला. या कामात जुना अँप गोड वाजतो आणि नवा कोरडा, हे मला पटत नाही.

पण मामेभावाचा एक मुद्दा मी मनापासून मान्य करतो. जुन्या चांगल्या अँपवर लिहिलेले वॉट बहुधा खरे असत, थोडे जास्तच मिळत. आता खोक्यावर 2000 वॉट छापलेलं असतं आणि अँपला फ्यूज असतो 30 अँपिअरचा. 30 गुणिले 14 म्हणजे 420 वॉट. त्यातून 85 टक्के धरले तर साडेतीनशेच्या आसपास. सतत त्याहून जास्त मागितलं तर फ्यूज उडेल. खोकं वाचण्याआधी फ्यूज वाचावा. वॉट दुप्पट झाल्याने आवाज दुप्पट वाटत नाही, हेही ध्यानात ठेवावं. वाढ होते फक्त 3 डेसिबलची.

वायरकडेही बघा. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या 5 मीटरला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर 40 अँपिअरला जवळजवळ 0.9 व्होल्ट वाटेतच जातात. 16 चौरस मिलिमीटरला 0.2. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियम वायर स्वस्त पडते, पण त्याच जाडीला बरीच जास्त अडवते.

मामेभावाने शेवटी वूफरला नवा अँप लावला. जुन्याचे कंडेन्सर बदलले आणि त्याच्यावर दारांतले स्पीकर जोडले. त्यांना ताकद कमी लागते. पुढच्या रविवारी मानवतला जाऊन आलो, तेव्हा नव्या डब्यावर हात ठेवून तो बराच वेळ उभा होता.