सुट्टीत आधी काय सुटतं?

शर्यत दोन महिन्यांवर आली आहे आणि घरच्यांनी मध्येच दहा दिवसांची सहल ठरवली आहे. पळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथे. काही जण मग सरावाचं वेळापत्रक सोबत नेतात, अंधारात उठून पळतात आणि दिवसभर बाकीच्यांसमोर जांभया देतात. काही जण ‘आता गेलंच सगळं’ म्हणून बूट घरीच ठेवतात. शरीराचं गणित या दोघांनाही साथ देत नाही.

सराव थांबला की स्नायू लगेच मऊ पडतात, असं आपल्याला वाटतं. खरं तर आधी घटतं ते रक्त. नियमित पळणाऱ्याच्या अंगात रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढलेला असतो. त्यामुळे हृदय दर ठोक्याला जास्त भरतं आणि जास्त रक्त पुढे ढकलतं. पळणं बंद झालं की शरीर हा वाढीव साठा फार दिवस सांभाळत बसत नाही. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात कसलेल्या खेळाडूंनी ८४ दिवस सराव बंद ठेवला होता. पहिल्या १२ दिवसांतच त्यांच्या हृदयातून एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त दहा टक्क्यांहून अधिक घटलं. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, २१ दिवसांत ७ टक्के उतरली आणि ८४ दिवसांअखेर १६ टक्के. स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं मात्र शेवटपर्यंत जवळपास तसंच राहिलं. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कॉइल यांनी सराव सोडलेल्या खेळाडूंच्या शिरेतून द्रव देऊन रक्ताचं आकारमान पूर्वीइतकं केलं, तेव्हा हृदयाचं घटलेलं काम बहुतांशी भरून निघालं. म्हणजे सुरुवातीची घट बरीचशी टाकी रिकामी झाल्याची असते, इंजिन बिघडल्याची नसते.

मग टाकी किती पळून भरलेली राहते? रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात हे फार नेटकेपणानं तपासलं. आधी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं जोरकस व्यायाम. नंतरचे १५ आठवडे एका वेळी एकच गोष्ट कमी करायची. दिवस सहाचे चार केले, अगदी दोन केले, तरी व्हीओटू मॅक्स टिकला. वेळ ४० मिनिटांवरून २६ आणि १३ मिनिटांवर आणला, तरी टिकला. फक्त १३ मिनिटांच्या गटाची दीर्घकाळ दम धरण्याची ताकद थोडी घसरली. पण दिवस आणि वेळ तसेच ठेवून जोर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश कमी केला, तेव्हा कमावलेलं हातातून निसटू लागलं.

हे लोक मॅरेथॉनचे मुरलेले धावपटू नव्हते, हे मान्य. तरी सुट्टीपुरता निष्कर्ष मला पुरेसा वाटतो: दिवस कापा, किलोमीटर कापा, पेस, म्हणजे पळण्याचा वेग, कापू नका. आपण नेमकं उलट करतो. रोज अर्धा तास रेंगाळत पळतो आणि ‘सराव चालू आहे’ म्हणतो. त्यापेक्षा दहा दिवसांत तीन-चारदा पळा. दहा मिनिटं सावकाश, मग तीन-तीन मिनिटांचे पाच वेगवान तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटं हलकं. पस्तीस-चाळीस मिनिटांत काम आटोपतं. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, निघण्याच्या आदल्या दिवशी उरकली, तर प्रवासाचा दिवस विश्रांतीत जमा होतो.

जागा मात्र पाहावी लागते. मऊ वाळूत पळायला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, त्यामुळे तिथे घड्याळातल्या पेसला अर्थ नाही. श्वास किती लागतो ते पाहा. दीड हजार मीटरच्या वर तेच, कारण तिथे कमाल क्षमता मुळातच घटते. उष्ण ठिकाणी पहिले काही दिवस ठोके उगाचच चढे दिसतात. पण त्या उन्हात थोडं थोडं पळत राहिलं, तर आठवडाभरात शरीर प्लाझ्मा वाढवू लागतं. विश्रांती जे नेते तेच ऊन परत देतं! खोल पाण्यात तरंगत ठेवणारा पट्टा बांधून जागच्या जागी पळण्याची हौस असेल तर तीही चालते, कंटाळवाणी असली तरी. दिवसभराची भटकंती मात्र वेगळ्या खात्यातली: पाय दमवते, पण हृदयाला पुरेसा जोर लावत नाही.

परतल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्याच पेसला ठोके जास्त पडतात आणि वजनाचा काटाही पुढे सरकलेला असतो. त्यातलं थोडं वजन ग्लायकोजेनचं, म्हणजे स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेचं, असतं, कारण स्नायू एक ग्रॅम ग्लायकोजेन साठवताना सोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतात. पळणं सुरू झालं की प्लाझ्मा काही दिवसांत वाढू लागतो. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं मात्र आपल्याच संथ चालीनं चालतात. सुट्टीत बुडालेले किलोमीटर एकाच आठवड्यात वसूल करणारे धावपटू पोटरी किंवा टाच धरून बसतात, ते याच फरकामुळे.