हाताची शिलाई खरंच कच्ची असते का?

लेदरच्या पाकिटाबद्दल एक गोष्ट कायम फिरते, की हाताची शिलाई कच्ची, मशीनचीच टिकते. मशीनचे टाके एकसारखे दिसतात त्यामुळे असं वाटणं साहजिकच, पण त्यात वरचा आणि खालचा दोरा भोकात एकमेकांत नुसते अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके सैल व्हायला लागतात. लेदरच्या हातशिलाईत जो सॅडल स्टिच घालतात, त्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही त्याच भोकातून समोरासमोरून जातात, म्हणजे एक टाका तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते. अर्थात ओढ नीट हवी, साधा धावदोरा घातला तर हे लागू नाही हं. बघायचंय तर दोन टाकाऊ तुकडे दोन्ही पद्धतीने शिवा, मधला एकेक टाका ब्लेडने कापा आणि शेजारचा दोरा सुईने उचकून बघा.